फोन वाजतोय, वेबसाइट मात्र गप्प

वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात:

"मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यातली, वय ३१. पुण्यातली आयटीची नोकरी सोडून दीड वर्षापूर्वी गावी परतले आणि मावसभावाला सोबत घेऊन एका वेबसाइटचं काम सुरू केलं. जत्रा, काला, सप्ताह, उत्सवातली नाटकं यांना जे जे लागतं ते एका जागी मिळावं ही कल्पना: साउंड, लाइट, मंडप, पडदे, ड्रेपरी म्हणजे नाटकाचे पोशाख, रंगभूषा, ऑर्गन-तबल्याची साथ, नाटकात काम करणाऱ्या स्त्री कलाकार. बेत मोठा होता. मराठी, कोकणी, इंग्रजी अशा तीन भाषा, मोबाइल ॲप, ऑनलाइन बुकिंग, पेमेंट, रेटिंग. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सुरू करायचं ठरवलं, जमलं नाही. दसरा ठरवला, तोही गेला. आता कार्तिक लागला. ४३ जणांनी नावं नोंदवली आहेत, पण ऑनलाइन बुकिंग एकही नाही. उलट लोक फोन करतात, 'बाये, फाल्यां तबलजी मेळटलो?' (बाई, उद्या तबलजी मिळेल का?) असले फोन निस्तरण्यात दिवस जातो. नवरात्रापासून सात-आठ ठिकाणी माणसं मिळवून दिली, फुकटच. मला दर आठवड्याला वाटतं की बेत बदलावा. भाऊ म्हणतो, ठरलं ते आधी पुरं कर, सारखं बदलणाऱ्याचं काही उभं राहत नाही. दोन महिने काम रेंगाळलंय. शिल्लक शिगम्यापर्यंत, म्हणजे फाल्गुनापर्यंत पुरेल. घरचे सरकारी नोकरीचे फॉर्म आणून देतात. बेत धरून बसावं, बदलावा, की सोडून द्यावं?"

नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: 'असले फोन निस्तरण्यात दिवस जातो.' कामातला व्यत्यय म्हणून तुम्ही ते लिहिलंय. मला मात्र वाटतं, दीड वर्षात तुमच्या हाती लागलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. ज्यांनी वेबसाइटवरचं बुकिंगचं बटण दाबलं नाही, त्यांनी तुमचा नंबर शोधून काढला, ओळखदेख नसताना फोन केला आणि आपली अडचण सांगितली. एवढा खटाटोप माणूस गरज असल्याशिवाय करत नाही.

म्हणून बेत बदलायचा की नाही हे जरा बाजूला ठेवू. हे लोक नेमकं मागतायत काय, ते आधी बघू.

तुमच्या बेताच्या मुळाशी एक समजूत आहे: उत्सव समितीला माणसं कुठे मिळतील ते ठाऊक नाही. पण गोव्यातल्या कुठल्याही देवळाच्या समितीवर बसलेल्या माणसाला विचारून बघा. साउंडवाला ठरलेला असतो, मंडपवाला ठरलेला असतो, कित्येक ठिकाणी बापाच्या जागी आता मुलगा येतो. दर माहीत असतो, हिशेब जत्रा झाल्यावर होतो. या बसलेल्या घडीत रेटिंग बघून नवा माणूस निवडण्याची कोणाला गरज भासत नाही. तुमच्या ४३ नावांच्या यादीत खोट नाही. फक्त ती ज्या प्रश्नाचं उत्तर आहे, तो प्रश्न समितीला पडत नाही.

घडी विस्कटते ती आयत्या वेळी. तबलजीला ताप येतो. एकाच तिथीला आजूबाजूच्या चार गावांत उत्सव असतो आणि ऑर्गनवाला एकच. नाटकातली पुरुष पात्रं गावातली पोरं करतात, पण नायिकेचं काम करणारी कलाकार बहुधा बाहेरून येते, आणि तिची तारीख आधीच दुसऱ्या गावाला गेलीय हे तालमींच्या शेवटच्या आठवड्यात कळतं. अशा वेळी समितीला एकच गोष्ट हवी असते, उद्या कोण मोकळं आहे. ते कोणा एकाला ठाऊक नसतं, कारण ते चाळीस जणांच्या चाळीस डायऱ्यांत विखुरलेलं असतं. ती माहिती एका जागी आणणं हा खरा धंदा आहे, आणि तो तुम्ही फोनवर, फुकट, कंटाळत का होईना, सुरूही केलाय.

अशीच गोष्ट बेंगळुरूत घडली होती. तिथे नोकरी करणाऱ्या फणींद्र सामा यांना २००५ च्या दिवाळीत घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. कुठल्या बसमध्ये किती जागा शिल्लक आहेत हे कोणालाच एकत्रितपणे माहीत नसतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मित्रांना घेऊन त्यांनी आधी बसमालकांसाठी सॉफ्टवेअर करायचा घाट घातला, पण बसमालकांनी रस दाखवला नाही. तेव्हा सॉफ्टवेअर बाजूला ठेवून २००६ मध्ये ते स्वतःच तिकिटं विकायला लागले आणि त्यातून रेडबस उभी राहिली. बसमालकांसाठीचं सॉफ्टवेअर त्यांनी पुढे केलंच, पण लोक तिकिटं घेऊ लागल्यावर. २०१३ मध्ये इबिबोने ती कंपनी विकत घेतली. या मंडळींनी पहिला बेत मोडला खरा, पण ज्या अडचणीसाठी तो आखला होता ती हातची सोडली नाही. तुमच्या बाबतीतही मला हेच सुचवायचंय.

आता तुमच्या भावाबद्दल. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. दर आठवड्याला बेत बदलणाऱ्या माणसाबरोबर काम करणं फार दमवणारं असतं. त्याने लिहिलेला कोड तिसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरतो आणि पुढच्या वेळी तो मन लावून लिहीत नाही. तुम्ही दोघं ज्याला चिकाटीचा वाद समजताय तो खरं तर वेळेचा वाद आहे. बदल करायचा कधी, आणि कशाच्या आधारावर, हे ठरलेलंच नाही. त्यामुळे तुम्हाला सुचेल तेव्हा बेत हलतो आणि भावाला तो हलूच नये असं वाटतं.

एक वही घ्या. सुचलेला प्रत्येक बदल तिच्यात लिहा, पण त्या दिवशी काहीही करू नका. दर दुसऱ्या रविवारी दोघांनी बसून ती वाचायची. ज्या गोष्टीसाठी निदान तीन वेगवेगळ्या माणसांनी, तुम्ही न विचारता, फोन केला असेल ती हातात घ्यायची. एकाच माणसाने केलेली सूचना, कितीही हुशारीची असली तरी, वहीतच राहू द्यायची. जो बदल कराल त्याच्यापुढे, काय दिसलं तर आपण मागे फिरू, हेही तेव्हाच लिहून ठेवा. हे शेवटचं भावाकडून लिहून घ्या. शंका घेणाऱ्या माणसाला त्याची शंका मोजता येईल अशा शब्दांत मांडायला लावली की तो बाजूला उभं राहून बघत नाही, कामात उतरतो. मधल्या दोन आठवड्यांत बेत पक्का, तुमच्यासाठीसुद्धा.

दोन महिने काम रेंगाळलंय याचा तुम्ही स्वतःला दोष देताय. मला त्यात आळस दिसत नाही. तीन भाषा, ॲप, पेमेंट, रेटिंग या कामाला शेवटच नाही, त्यामुळे संध्याकाळी 'आज हे झालं' म्हणता येईल असं काही उरत नाही. त्यात ठरवलेली तारीख चुकते, मग दुसरी चुकते, आणि दर चुकलेल्या तारखेबरोबर आपल्याच शब्दावरचा आपला विश्वास थोडा कमी होतो. काम सुरू होण्याचा असा एक मोठा दिवस हवाच का? उत्सवातलं नाटक एकाच रात्री उभं राहावं लागतं, प्रेक्षक समोर बसलेले असतात. तुमच्यासमोर कोणी तिसऱ्या घंटेची वाट बघत बसलेलं नाही. पहिल्या सात-आठ जणांसाठी तुमचं काम सुरू झालेलंच आहे.

तेव्हा ॲप काढून टाका. पुढे ढकलू नका, यादीतूनच काढा. रेटिंगही काढा. लहान गावात साथीदाराला दोन तारे देऊन दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर कोण जाणार? तीन भाषांऐवजी एकच ठेवा. आपल्याकडे समितीची निमंत्रणपत्रिका, नाटकाची जाहिरात मराठीत छापली जाते आणि ती ठरवण्याचं बोलणं कोकणीत होतं. पान मराठीत असू दे, फोनवर तुम्ही कोकणीत बोलताच. वेबसाइटचं एकच पान राहील: वर तुमचा नंबर, खाली या पंधरवड्यात कोणत्या दिवशी ऑर्गन, तबला, रंगभूषा यांपैकी काय उपलब्ध आहे. बस. हे तुमचा भाऊ चार-पाच दिवसांत करू शकेल आणि त्याला काहीतरी पुरं केल्याचं समाधानही मिळेल.

पेमेंटबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे पुष्कळ जण अडकतात. कलाकाराचं मानधन तुमच्या वेबसाइटवरून घेऊन पुढे त्याला देऊ लागलात, की जीएसटी कायद्याच्या दृष्टीने तुम्ही ई-कॉमर्स चालवणारे होता. मग उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी करावी लागते, त्या रकमेवर कर कापून भरावा लागतो आणि दर महिन्याचं विवरणपत्र मागे लागतं. उलट मानधन समितीने कलाकाराला थेट दिलं आणि तुम्ही फक्त आपली फी घेतलीत, तर सेवांसाठीची वर्षाला २० लाखांची मर्यादा ओलांडेपर्यंत सहसा नोंदणीची गरज पडत नाही. सीएला एकदा विचारून घ्या. पण पेमेंट जोडण्याची घाई करू नका. आपल्याकडची पद्धत तशीही जत्रेनंतर हातात पाकीट देण्याची आहे.

फी मात्र घ्या, आणि पुढच्या फोनपासूनच. समजा ३०० रुपये. माणूस मिळाल्यावर नव्हे, शोधायला लागण्याआधी सांगा: "मिळाला तर एवढे पडतील, नाही मिळाला तर काही नाही." किती जण हो म्हणतात आणि किती जण 'बघतो' म्हणून फोन ठेवतात, यातून तुम्हाला जे कळेल ते आणखी चार महिने कोड लिहून कळणार नाही. ही फी समितीकडूनच घ्यायची. कलाकाराच्या मानधनातून एक पैसाही कापायचा नाही, याबाबत माझं मत ठाम आहे. त्यांची कमाई हंगामापुरती असते. शिवाय तुमचा सगळा डोलारा त्यांनी आपल्या मोकळ्या तारखा तुम्हाला खऱ्या सांगण्यावर उभा आहे. दलाली सुरू झाली की त्या तारखा तुमच्यापर्यंत यायच्या बंद होतील.

स्त्री कलाकारांचा उल्लेख तुम्ही यादीत शेवटी केलाय. मी तो सगळ्यात वर ठेवला असता. नाटक अडतं ते बहुतेक वेळा तिथेच, आणि तिथे विश्वासाला पर्याय नाही. एखादी कलाकार आपली तारीख अनोळखी वेबसाइटवर टाकणार नाही, पण दुसऱ्या बाईला फोनवर सांगेल. हे काम तुमच्या भावाला जमणार नाही, तुम्हाला जमेल. त्यांचे नंबर पानावर टाकू नका. चौकशी तुमच्याकडे येऊ दे, तुम्ही त्यांना विचारा, त्या हो म्हणाल्या तरच नंबर द्या. असंही २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचा रोख, कोणाचीही माहिती सहसा त्याच्या संमतीनेच वापरावी, असा आहे. तेव्हा आधी नोंदवलेल्या ४३ जणांनाही विचारून घ्या. आणि समितीशी बोलताना चार गोष्टी आधी ठरवून, लिहून, व्हॉट्सॲपवर दोघांनाही पाठवा: मानधन किती, तालमी किती, नाटक किती वाजता संपणार, रात्री घरी सोडणार कोण. मध्यरात्रीनंतर काणकोणहून डिचोलीला कसं परतायचं ही चिंता ज्या बाईला असते, तिला या चार ओळींचं मोल मी सांगायला नको. हाच मजकूर पुढे तुमच्या वेबसाइटवरचा फॉर्म होईल, आणि तो खोलीत बसून कल्पनेने केलेला नसेल.

नाटक संपण्याच्या वेळेवरून आठवलं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, आणि राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. पहाटेपर्यंत चालणारी नाटकं बघत मोठ्या झालेल्या पिढीला हे अजून पचलेलं नाही, आणि परवानगीच्या कागदांवरून समित्या हमखास गोंधळतात. तुमच्याकडे याची चौकशी करणारे फोन आले तर ते वहीत नोंदवा. तीन झाले की त्या रविवारी विचार करा.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या कुठल्याही तयार सॉफ्टवेअरमध्ये मिळणार नाही. आपले उत्सव तिथीने चालतात. समितीचा माणूस 'माघ शुद्ध पंचमी' म्हणतो आणि तबलजीच्या मोबाइलमध्ये इंग्रजी तारखा असतात. २०२५ ची चवथ २७ ऑगस्टची, २०२६ ची १४ सप्टेंबरची, कारण मध्ये अधिक ज्येष्ठ आला. गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबून दोन गावांना शब्द देऊन बसलेले कलाकार तुम्हालाही भेटले असतील. तिथी टाकली की त्या वर्षीची तारीख दिसावी आणि त्या दिवशी कोण मोकळं आहे ते कळावं, एवढी एकच सोय भावाला करायला सांगा. त्याला काहीतरी पुरं करायचंय ना, मग हे पुरं करू दे.

तुम्ही म्हणाल, फोनवर असं किती दिवस चालणार? रोज ५० फोन आले तर? तसे आले तर त्या आठवड्यात माणूस ठेवता येईल एवढी फीही आलेली असेल. तोपर्यंत फोन स्वतः घ्या आणि प्रत्येक फोनची एक ओळ लिहा: कोणी, कोणत्या गावाहून, काय मागितलं, किती दिवस आधी, मिळालं का. ज्या प्रश्नाला तुम्ही तेच उत्तर वारंवार देताय तेवढंच वेबसाइटवर जाऊ दे. कामाचा वेग टिकवायला याहून वेगळं काही लागत नाही, असा माझा अनुभव आहे: दर आठवड्याला कोणातरी खऱ्या माणसाचं एक अडलेलं काम सुटलं पाहिजे. ज्या आठवड्यात फोन येणार नाही, त्या आठवड्यात तुम्ही फोन करा. पौष-माघात जत्रा असलेल्या पाच समित्यांना विचारा, नाटकाची सगळी माणसं पक्की झाली का.

ज्या वाचकांचा व्यवसाय वेगळा आहे, म्हणजे पेडण्यात होमस्टे काढलाय किंवा माणकुराद आंबा नाही तर जत्रेतलं खाजं ऑनलाइन विकायला घेतलंय, त्यांनी याच अंगाने आपल्याकडे बघावं. ग्राहक तुमच्या वेबसाइटला वळसा घालून काय करतोय? कोणता प्रश्न तो फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर विचारतोच? बेतात तो प्रश्न नसेल तर बेतात त्याला जागा करायला हवी. आणि हंगामाचं भान ठेवा. पर्यटनाचे मुख्य महिने ऑक्टोबर ते मार्च, माणकुराद उन्हाळ्यातला. हंगामाच्या तोंडावर मोठा बदल करू नये, आणि हंगाम संपल्यावर तीच वेबसाइट तशीच ठेवून बसू नये.

आता पैशांचं आणि घरच्यांचं. 'शिगम्यापर्यंत पुरेल' ही मर्यादा चांगली आहे, पण तिथे पोहोचल्यावर काय बघून ठरवणार ते आजच लिहा. मी दोन आकडे बघेन. फी देऊन किती कामं झाली, आणि एकदा आलेली समिती दुसऱ्यांदा आली का. दुसरा आकडा लहान असला तरी जास्त बोलका असतो. शिगम्यापर्यंत एकही समिती परत आली नाही, तर थांबायला हरकत नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. परत आल्या, तरीही पूर्ण पगार सुटेल एवढी रक्कम पहिल्या हंगामात होणार नाही. आषाढात हे फोन बंदच होतील. ते महिने पुण्याच्या जुन्या ओळखीतून घरबसल्या मिळणाऱ्या कामासाठी आत्ताच बोलून ठेवा. म्हणजे शिल्लक चवथीपर्यंत ताणता येईल.

सरकारी नोकरीचे फॉर्म भरायचे तर भरा. फॉर्म भरला म्हणून तुम्ही कामाशी बेइमान होत नाही, आणि आईवडिलांशी रोजचा वाद टळतो. मात्र त्यांना हे दोन आकडे सांगा, शिगम्याला वही दाखवीन म्हणा. आपली मुलगी वाऱ्यावर नाही, हिशेबावर चाललीय, हे दिसलं की घरातली धास्ती पुष्कळ कमी होते.

राहिली कागदपत्रं. भावाबरोबरचं सगळं तोंडी आहे असं पत्रावरून वाटतं. भागीदारीचा करार करा. कोणाचा वाटा किती, कोणी सोडलं तर वेबसाइटचं नाव आणि नोंदी कोणाकडे, हे त्यात असू दे. भागीदारी नोंदणीकृतच करा, कारण केंद्राची स्टार्टअप म्हणून मान्यता नोंदणीकृत भागीदारी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी यांना मिळते, एकट्याच्या नावावरच्या व्यवसायाला मिळत नाही. लहान उद्योगांसाठीची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारच्या साहाय्याने मोफत होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या स्टार्टअप सवलतींचीही चौकशी करा, पण एखाद्या दुपारपुरती. अर्जांच्या मागे लागून फोनकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका. हे सगळं कार्तिकातच उरकून घ्या. पौषात फातर्प्याची जत्रा आली की माघ संपेपर्यंत तुम्हाला उसंत मिळणार नाही.